तुमचे प्रश्न : डेन्मार्कचे स्वेन आउकेन पंतप्रधान का झाले नाहीत?

प्रश्न : आम्ही साताऱ्याचे, चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या नेहमीच्याच. परवा मुलाच्या प्रोजेक्टसाठी वाचताना डेन्मार्कचे मंत्री स्वेन आउकेन यांचं नाव आलं, तिकडच्या पवनचक्क्यांचं श्रेय म्हणे त्यांचं. आणि 1990 ला त्यांच्या पार्टीला सगळ्यात जास्त सीट्स मिळूनही ते पंतप्रधान झाले नाहीत. हे कसं काय? आणि श्रेय खरंच त्यांचं का?

उत्तर : आधी पंतप्रधानपदाचं सांगतो, कारण तिथला हिशोब आपल्यापेक्षा वेगळा आहे. डेन्मार्कच्या संसदेत, म्हणजे फोल्केटिंगमध्ये 179 जागा. डिसेंबर 1990 च्या निवडणुकीत आउकेन यांचा सोशल डेमोक्रॅट पक्ष 55 वरून थेट 69 वर गेला. सोबत डावे समाजवादी पकडले तर आणखी 15, म्हणजे 84. बहुमताला लागतात 90. आणि समोर पंतप्रधान पॉल श्लुटर, त्यांचे दोन पक्ष मिळून फक्त 59, तरी खुर्ची त्यांचीच राहिली! कारण तिथे सरकारला "आमच्याकडे बहुमत आहे" असं दाखवावं लागत नाही, आपल्या विरोधात बहुमत उभं राहिलं नाही की झालं. मधले जे छोटे पक्ष होते त्यांनी श्लुटरना पाडलं नाही. आउकेन यांच्यावर त्यांचा भरवसा बसत नव्हता, 80 च्या दशकात नाटोच्या अणुशस्त्रांवरून विरोधी बाकांवरून जो सततचा झगडा चालला होता, त्याची कटुता बाकी होती.

मग पक्षातच कुजबुज सुरू झाली की हे मतं आणतात पण सत्ता आणत नाहीत. एप्रिल 1992 मध्ये वेयले गावात पक्षाचं खास अधिवेशन भरलं आणि त्यांचेच उपाध्यक्ष पॉल न्यूरुप रासमुसेन यांनी पक्षाध्यक्षपदाच्या मतदानात जवळपास दुप्पट मतं घेऊन त्यांना हरवलं. आता पुढचं बघा, मला हे वाचताना दर वेळी वाईट वाटतं. जानेवारी 1993 मध्ये श्लुटर यांना राजीनामा द्यावा लागला. श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांच्या बायकामुलांना डेन्मार्कला येऊ द्यायचं हा कायद्याने दिलेला हक्क त्यांच्या न्यायमंत्र्यांनी बेकायदा रोखून धरला होता, ते चौकशीत बाहेर आलं. मध्ये निवडणूक झालीच नाही, आणि न्यूरुप थेट पंतप्रधान. नऊ महिने! नऊ महिने आधी पक्षाने कळ काढली असती तर त्या जागी कदाचित आउकेन असते.

अशा वेळी आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, नवा पक्ष, नवा झेंडा. आउकेन यांनी ज्याने हरवलं त्याच्याच मंत्रिमंडळात पर्यावरण खातं घेतलं, पुढच्या वर्षी ऊर्जा खातं पण त्यांच्याकडे आलं, आणि नोव्हेंबर 2001 मध्ये सरकार जाईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. सलग जवळजवळ नऊ वर्षं. माझ्या मते खरी गोष्ट हीच, कारण वीज आणि प्रदूषण एकाच टेबलावर आलं आणि टेबलामागचा माणूस पण बदलला नाही.

आता श्रेयाचं. पवनचक्क्या त्यांनी सुरू केल्या असं मुलाने लिहू नये, ते चुकीचं होईल. 1973 च्या तेलसंकटात डेन्मार्कची ऊर्जा 90 टक्क्यांच्या आसपास आयात तेलावर होती, तेव्हा हादरून लोकांनीच गावोगाव वर्गणी काढून चक्क्या उभारल्या, 1985 मध्ये संसदेने अणुवीज नको असं ठरवलं, आणि समुद्रातला जगातला पहिला पवनचक्की प्रकल्प विंडेबीला 1991 मध्येच झाला, 11 चक्क्यांचा. आउकेन यांनी काय केलं तर या सुट्या सुट्या गोष्टींना सरकारी धोरणाचा कणा दिला. वीज कंपन्यांना समुद्रात मोठे प्रकल्प उभारायलाच लावले, 1997 मध्ये कोळशावरची नवी वीजकेंद्रं उभारायला बंदी घातली. हवामान बदलावरच्या क्योटो करारानंतर युरोपीय देशांनी हरितगृह वायूंच्या कपातीची आपसात वाटणी केली तेव्हा डेन्मार्कने 21 टक्के कपात अंगावर घेतली, एवढ्याशा देशासाठी हे फार होतं. 1990 मध्ये तिथल्या विजेत वाऱ्याचा वाटा दोन-तीन टक्के, 2001 पर्यंत तो साधारण 12 टक्क्यांवर गेला.

मुलाला एक फोटो नक्की लावायला सांगा, कोपनहेगनच्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या मिडेलग्रुंडेनच्या 20 चक्क्या. त्यातल्या निम्म्या एका सहकारी संस्थेच्या मालकीच्या, सभासद आठ हजारांच्या वर. साखर कारखान्याचे शेअर्स घरात असलेल्या माणसाला हे लगेच कळेल.

सरकार बदलल्यावर काय झालं तेही प्रोजेक्टमध्ये येऊ द्या. समुद्रातले पाच मोठे प्रकल्प ठरले होते, नव्या सरकारने त्यातले तीन रद्द केले.

प्रश्न : आमच्या गावाजवळ खाणीची जनसुनावणी होती, तेव्हा एका कार्यकर्त्याने "ऑर्हूस करार" म्हणून उल्लेख केला. हा काय प्रकार आहे? आपल्याला लागू होतो का?

उत्तर : वरच्या उत्तरातलेच आउकेन! ऑर्हूस हे त्यांचं जन्मगाव, 1943 चा जन्म. तिथेच 25 जून 1998 ला हा करार झाला आणि यजमान मंत्री तेच होते. त्यात तीन गोष्टी आहेत : पर्यावरणाची माहिती सरकारने लोकांना द्यायची, निर्णय घेताना लोकांना बोलू द्यायचं, आणि हे नाकारलं तर कोर्टात जाता आलं पाहिजे. तिसरी गोष्ट महत्त्वाची, कारण त्याशिवाय पहिल्या दोन नुसत्या कागदावर राहतात. तो संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आयोगाचा करार आहे, भारत त्यात नाही, म्हणून सुनावणीत त्याचा आधार घेऊन काही उपयोग होणार नाही. तुमच्या हातात 2005 चा माहिती अधिकार आहे, पर्यावरण परवानगीचे आपले नियम आहेत आणि हरित न्यायाधिकरण आहे. सुनावणीच्या आधी प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल लेखी अर्ज करून मागा, पोच घ्या, आणि सुनावणीत जे बोलाल ते इतिवृत्तात आलंय का हे बघितल्याशिवाय तिथून उठू नका.

प्रश्न : हे आउकेन आता कुठे असतात?

उत्तर : ते 4 ऑगस्ट 2009 ला कॅन्सरने गेले, वय 66. 1971 ला खासदार झाले ते शेवटपर्यंत खासदारच होते. त्यानंतर चारच महिन्यांनी कोपनहेगनमध्ये जगाची हवामान परिषद भरली, त्यांच्याच राजधानीत, आणि ते नव्हते. पुढे 2011 मध्ये त्यांची भाची इडा आउकेन डेन्मार्कची पर्यावरण मंत्री झाली.