गाडीतल्या वायरलेस सेटचं बटण दाबलं की कधी 'टिटिटिट' तर कधी 'भोंऽऽ' वाजतं. सेट बिघडलाय का?

नाही, बिघडलेला नाही. बोलू की नको, याचं उत्तर तो तुम्हाला देतोय.

चंद्रपूरकडच्या एका ओपनकास्ट कोळसा खाणीत मी बरीच वर्षं डिस्पॅचला, म्हणजे वायरलेसवरून गाड्या हलवायच्या कामावर होतो. डंपर, शॉवेल (डंपर भरणारं खोदयंत्र), पाण्याचे टँकर, साहेबांच्या जीपा, सगळ्यांत सेट. नवीन ड्रायव्हर आला की त्याला मी एकच गोष्ट घोकायला लावायचो: बारीक, उंच आवाज म्हणजे 'हो', जाड, खालच्या पट्टीतला म्हणजे 'नाही'. कंपनी आणि प्रोग्रामिंगप्रमाणे सूर बदलतात, पण हा ठोकताळा बहुतेक सेटना लागू पडतो.

तुमचा 'टिटिटिट' म्हणजे बोलायची परवानगी. ट्रंकिंग नावाच्या पद्धतीत थोडे चॅनल बऱ्याच जणांत वाटलेले असतात. तुम्ही बटण दाबलं की सेट आधी कंट्रोलरकडे, म्हणजे चॅनल वाटणाऱ्या यंत्राकडे चॅनल मागतो, मिळाला की टिटिट करतो. डिजिटल रिपीटर (तुमचा आवाज झेलून पुढे पाठवणारं यंत्र) असेल तर सेट आधी त्याला जागं करतो आणि त्याचा प्रतिसाद आल्यावर वाजतो. याला जेमतेम क्षणभर लागतो, पण त्या क्षणात बोललेला शब्द वाया जातो. आमच्याकडे वायरलेसवर हिंदीच चालायची. एकदा शॉवेलवाल्याने बटण दाबतादाबताच म्हटलं, "मत आना पीछे." डंपरवाल्याला ऐकू आलं, "आना पीछे." नशिबाने त्याची आरशावर नजर होती. त्या दिवसापासून टिटिटच्या आधी तोंड उघडणाऱ्याला मी शिफ्टभर टोमणे मारायचो.

'भोंऽऽ' आला की समजा, तुमचा आवाज कुठेच जात नाहीये. एक तर तुम्ही रेंजबाहेर आहात, नाहीतर रिपीटर उत्तर देत नाहीये, किंवा चॅनलवर दुसरं कोणी बोलत असताना बटण दाबू द्यायचं नाही असं सेटिंग आहे. खाणीत खालच्या बेंचवर, म्हणजे खोदलेल्या खालच्या पायरीवर हे रोजचंच. ओरडून काही होत नाही, गाडी चार मीटर वर घ्या, पुन्हा दाबा. फोनच्या एंगेज टोनसारखं तुटक वाजलं तर सगळे चॅनल भरलेत. तेव्हा बटण सोडून गप्प बसायचं. ट्रंकिंगमध्ये तुमचा नंबर रांगेत लागलेला असतो, चॅनल मोकळा झाला की सेट स्वतःहून टिटिट करतो. पुन्हापुन्हा दाबणारी माणसं लिफ्टचं बटणही तसंच दाबत असावीत.

बोलताबोलता वाजतो तो टाइमर. एका दमात किती वेळ बोलायचं हे सेटमध्ये भरलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी 60 सेकंद. आधी इशारा वाजतो, मग सेट आवाज तोडतो आणि बटण सोडेपर्यंत कुरकुरत राहतो. राग येतो, पण सोय चांगली आहे. आमच्या एका ड्रायव्हरची मांडी माइकच्या बटणावर पडली आणि त्याचं बायकोशी मोबाइलवर चाललेलं भांडण अख्ख्या शिफ्टने ऐकलं. टाइमर होता म्हणून मिनिटभरातच त्याची सुटका झाली.

चॅनलची खुंटी फिरवल्यावर एकसारखा आवाज सुरू झाला तर त्या जागी काही भरलेलंच नाही, खुंटी मागे घ्या. कोणी बोलत नसताना थांबूनथांबून टिंटिं होत असेल तर कोणीतरी तुम्हाला कॉल अलर्ट, म्हणजे 'मला बोलवा' अशी खूण टाकून ठेवलाय. आणि गाडीत चिमणीसारखं 'चिक' वाजत असेल तर आधी मागच्या सीटवरचा वॉकीटॉकी बघा, त्याची बॅटरी उतरलेली असते. गाडीतला सेट गाडीच्याच बॅटरीवर चालतो.

कटकट होते म्हणून हे आवाज बंद करायला डीलरला सांगू नका, तो लॅपटॉप लावून दोन मिनिटांत करून देईल. त्यापेक्षा त्याच्याकडून आवाजाची पातळी वाढवून घ्या. बोलेरोच्या डिझेल इंजिनात टिटिट ऐकूच आला नाही, तर तुमचाही 'मत' गळून पडायचा.