पेठेत खोली घेण्याआधी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या बाबांचा फोन आला. कोल्हापुरात हायकोर्टाच्या सर्किट बेंचला वकिली सुरू करतेयस हे ऐकून फार आनंद झाला. राहायचं कुठं यावर मात्र घरात दोन मतं पडलीत म्हणे. आईला उपनगरातलं लिफ्टचं अपार्टमेंट हवंय आणि तुझं मन पेठेत आहे. बाबा म्हणाले, काकू सांगतील तसं करू. निर्णय तूच घ्यायचास, पण मी 1986 साली आजऱ्याहून कायदा शिकायला आले तेव्हापासून कोल्हापूरच्या पेठांतच राहिले आहे. मला जे माहीत आहे ते तुला सांगायलाच हवं.

कामाच्या दृष्टीनं तुझं मन बरोबर सांगतंय. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची हायकोर्टाची कामं सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयात चालतात. त्यासाठी आमच्या पिढीनं किती वर्षं आंदोलन केलं ते तुझ्या सीनियरांना विचार. ज्युनिअरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत रात्री नऊला ऑफिसातून सुटका आणि सकाळी पुन्हा फाईल घेऊन हजर, असाच दिवस असतो. अशा वेळी दहा-पंधरा मिनिटांत चालत घरी पोचता येणं म्हणजे रोज तासभर जादा झोप. पण खोली बघताना तुझा उत्साह बाजूला ठेव आणि मी सांगते ते सगळं विचार.

सगळ्यात आधी पाणी. कोल्हापुरात पावसाळ्यात माणसं सकाळी उठून पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतात. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगा त्याच्याही खूप वर गेली. पेठांमध्ये सगळीकडं सारखं नसतं. भवानी मंडप, अंबाबाईचं देऊळ हा भाग उंचावर आहे, तिथं नदीची भीती नाही. तिथून पंचगंगेकडं उतरायला लागलीस की शुक्रवार पेठेतल्याच दोन गल्ल्यांचं नशीब वेगळं होतं. सुतारवाड्यातली कुटुंबं तर जवळजवळ दर मोठ्या पावसाला सामान बांधतात. नदीपासून लांब म्हणून व्हीनस कॉर्नरकडं बघशील, तर तिथं जयंती नाला तुंबून पाणी चढतं. म्हणून घरमालकाला विचारू नकोस, त्याच्या शेजारच्या म्हातारीला विचार, ‘आजी, एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?’ ती हात भिंतीला लावून दाखवेल. हात तिच्या गुडघ्याच्या वर गेला तर तळमजला घ्यायचा नाही, भाडं कितीही कमी असो.

आणखी एक, जे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. महापुरात शहराच्या चारी बाजूंना पाणी असतं आणि नळाला थेंब नसतो. नदीकाठची उपसा केंद्रंच बुडतात. 2019 ला आम्ही कोरड्या माडीवर बसून टँकरची वाट बघत होतो, आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद म्हणून दूध-भाजीही येत नव्हती. जुलै लागला की दोन बॅरल भरलेले असू देत, आणि गॅसचं सिलिंडर संपत आलेलं नको.

मग भिंती बघ. जुन्या वाड्यांच्या भिंती मातीच्या असतात, वर कौलं. उन्हाळ्यात गार वाटतात, पावसाळ्यात त्याच भिंती पाणी पितात. खोलीत शिरल्यावर आधी वास घे. भिंतीला पोट आलंय का ते आडवी नजर लावून बघ. नुकताच रंग दिला असेल तर जास्त संशय घे. महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींना नोटिसा देते, तशी नोटीस आलीय का हे चौकशी करून कळतं.

हे मी अंगावर घेऊन शिकले. माझ्या पहिल्या खोलीला अशी नोटीस आलेली होती आणि मालकानं ती दडवून मला भाड्यानं दिली होती. त्याच वर्षी जुलैत रात्री दोनच्या सुमाराला पलंगामागची भिंत खचली. मी त्या रात्री अभ्यासाला जागी होते म्हणून वाचले. ओरडायलाही सुचलं नाही. पण आवाज सगळ्या बोळाला ऐकू गेला होता. पाच मिनिटांत पाच-सहा बायका कंदील आणि बॅटऱ्या घेऊन आत आल्या. एकीनं मला धरून बाहेर काढलं, बाकीच्यांनी पावसात हातोहात माझी ट्रंक आणि पुस्तकं वाचवली. त्यातल्या एका घरानं पुढचे तीन महिने मला माजघरात झोपायला जागा दिली. दोनच खोल्यांचं घर होतं, सहा माणसांचं. माझी भिजलेली पुस्तकं त्यांनी चुलीजवळ दोरीवर वाळत घातली होती. त्यांचं माझं नातं काही नव्हतं, जात वेगळी, गाव वेगळं. परीक्षेच्या दिवशी त्या माउलीनं माझ्या हातावर दही ठेवलं तेव्हा मला रडू आवरलं नाही. चाळीस वर्षं झाली, पेठ सोडायचा विचार जेव्हा जेव्हा मनात आला तेव्हा तेव्हा त्या दोरीवरची पुस्तकं डोळ्यांसमोर आली.

त्याच मालकाशी माझा कागदोपत्री काहीही करार नव्हता. तुला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं कलम 55 ठाऊकच असेल. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. पण मी पाहिलंय, दुसऱ्याच्या कागदात पूर्णविराम शोधणारे वकील स्वतःची खोली तोंडी बोलीवर घेतात. तू तसं करू नकोस. पेठेत तर अजिबात नको, कारण इथल्या निम्म्या वाड्यांवर भावाभावांचे वाटणीचे दावे चालू असतात. खोली दाखवणारा भाऊ तिचा एकटा मालक आहे का, हे मालमत्ता पत्रकावर बघ. आपलाच धंदा आहे, लाज कसली.

आता गल्लीबद्दल. तुझ्या आईची खरी काळजी तीच आहे, आणि ती खोटी नाही. इथं तू केव्हा आलीस, कोण सोडायला आलं, पिशवीत काय होतं हे सगळ्यांना कळतं. पहिल्या महिन्यात गुदमरल्यासारखं होईल. कोपऱ्यावरच्या तालमीच्या कट्ट्यावर पोरं बसलेली असतात, त्यांना टाळून जाऊ नकोस. एकदा स्वतःहून ओळख करून दे, वकील आहे, रात्री उशीर होतो म्हणून सांग. तीच पोरं पुरात गळ्याइतक्या पाण्यातून म्हाताऱ्यांना खांद्यावर घेऊन येतात. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना असला की कुठल्या संघाची आहेस म्हणून विचारतील, तेव्हा आपल्या पेठेचंच नाव घे. मात्र तुझ्या खोलीवर कोण येतं-जातं याचा हिशेब कुणी मागितला तर तो देऊ नकोस. शांतपणे, हसून, पण ठाम नाही म्हण. मी तरुणपणी तसे हिशेब दिले आणि त्याचा मला आजही खेद वाटतो.

आवाज असतोच. गणपतीची मिरवणूक महाद्वार रोडवरून दुसरा दिवस उजाडला तरी सरते असं नाही, आणि नवरात्रात भाविकांच्या गर्दीनं रस्ते गाड्यांना बंद होतात. दुचाकी कुठं लावणार हे आधी ठरव, बोळांची वाट पाठ कर. सुनावणीच्या आदल्या रात्री मिरवणूक आली तर आमच्याकडं झोपायला ये.

आणि हे सगळं सोसून काय मिळतं तेही सांगते. नोव्हेंबरच्या 9, 10, 11 तारखेला आणि 31 जानेवारीपासून तीन दिवस मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि अंबाबाईच्या चरणांपासून मुखापर्यंत चढत जातात. त्या किरणांच्या वाटेत एखादी इमारत उंच झाली की सगळं गाव अस्वस्थ होतं. बिंदू चौकात जुन्या तटबंदीशेजारी महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे आहेत. 9 डिसेंबर 1950 ला, बाबासाहेब हयात असताना ते बसवले गेले. कोर्टात जाताना रोज त्यांच्यासमोरून जाता येतं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं तेव्हा मी खासबागेकडं धावत गेले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रस्त्यावर माणसं उभी होती, कितीतरी जण रडत होते. 1915 पासूनची ती वास्तू, आणि तिथं आपलं घर जळावं तशी माणसं बघत होती. अशा माणसांच्या शेजारी राहायला मिळावं म्हणून मी आवाज सोसते.

तर असं कर. येत्या शनिवारी दुपारी ये. शुक्रवार पेठेत आमच्या बोळाच्या तोंडाशी एक माडी रिकामी झालीय, एकोणीसला आणि एकवीसलाही तिथं पाणी आलं नव्हतं, मी स्वतः पाहिलंय. दुपारी बघू, मग गंगावेशीत जाऊन कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिऊ, आणि रात्री दहाला पुन्हा तीच खोली बघायला जाऊ. रात्री बोळात दिवा किती लागतो, संडासापर्यंत वाट कशी आहे आणि खालच्या दुकानाचं शटर केव्हा पडतं, हे दुपारी कळत नाही. आईला सोबत आण. तिला मी माझ्या हातचा पांढरा रस्सा करून घालते आणि शेजारच्या बायकांशी तिची गाठ घालून देते.

तुझी,
काकू