जावई म्हणतात सहाच किलोमीटर, पण चढ सुरू कुठून होतो ते बघा

प्रश्न: दादा नमस्कार, मी चाळीसगावची, वय 61, बीपीची गोळी चालू आहे बाकी ठणठणीत. जुलैत आम्ही दोघं लेकीकडे अमेरिकेत डेन्व्हरला चाललोय. जावयांनी तिथल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधल्या तळ्यांचा एका दिवसाचा ट्रेक ठरवलाय, जाऊन येऊन सहा किलोमीटर, आई तुम्ही आरामात कराल म्हणे. पाटणादेवीला तर मी जातच असते. जमेल ना? सोबत काय घेऊ?

उत्तर: ताई, पायांची काळजी नाही, श्वासाची आहे. आपलं चाळीसगाव हजार-अकराशे फुटांवर आणि डेन्व्हर 5,280 फुटांवर, म्हणजे लेकीचं घरच जवळजवळ कळसूबाईच्या उंचीवर आहे असं धरा! जावई म्हणतायत तो ट्रेक बेअर लेकपासून सुरू होतो, ते साडेनऊ हजार फुटांच्या जवळपास, तिथून आधी निम्फ लेक (पिवळी कमळं फुललेली असतात, छोटंसं आहे पण मला तेच सगळ्यात आवडलं), मग ड्रीम लेक आणि शेवटी एमराल्ड लेक, ते दहा हजारांच्या वर. चढ एकूण साडेसहाशे फुटांच्या आसपास, आपल्या कन्हेरगडावर जाणाऱ्याला त्याचं काहीच नाही, पण हवा विरळ असते ना, दहा पावलं टाकली की दम लागतो आणि आपल्याला वाटतं वय झालं.

मी मुलाकडे गेलो तेव्हा उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी हौसेने वर गेलो, जेटलॅग अंगात, पाणी प्यायलेलं नाही, ड्रीम लेकला पोचेपर्यंत डोकं असं ठणकायला लागलं की तळं बघायचं सोडून दगडावर डोळे मिटून बसलो, एमराल्ड लेक राहिलं ते राहिलंच. म्हणून सांगतो, तीन-चार दिवस डेन्व्हरला आराम करा आणि जमलं तर आदली रात्र पार्कच्या दाराशी असलेल्या एस्टेस पार्क गावात काढा, ते साडेसात हजार फुटांवर आहे, शरीराला सवय होते. बीपी आहे म्हणून निघायच्या आधी डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा, नुसतं फिरायला चाललोय म्हणू नका. वर डोकं दुखलं, मळमळलं तर थोडं थांबून बघू असं करायचं नाही, सरळ खाली यायचं, जावयांना वाईट वाटलं तरी चालेल.

दुसरी गोष्ट घड्याळाची. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे दुपारी ढग जमून विजा कडकडतात, तेव्हा सकाळी लवकर चढा आणि दुपारच्या आत खाली या. बेअर लेकचं पार्किंगही सकाळीच भरतं, मग शटल बस घ्यायची. उन्हाळ्यात बेअर लेक रोडला आत जायला वेळ ठरवून ऑनलाइन बुकिंग लागतं, त्यातही दोन प्रकार असतात आणि साधं बुकिंग घेतलं तर तो रोड मिळत नाही, तेवढं जावयांना आठवणीने विचारा. आणि 2026 पासून परदेशी पाहुण्यांना या पार्कात माणशी 100 डॉलर जास्तीचे लागतात, तुम्ही दोघं म्हणजे 200 झाले, हे जावई बोलले नसतील!

सोबत दोन लिटर पाणी, स्वेटर, रेनकोट, टोपी. हवा गार असते म्हणून ऊन जाणवत नाही, पण आपल्या मे महिन्यात काळे पडत नाही तेवढं तिथे नाक भाजतं. खायला लेकीकडे दशम्या करा, शेंगदाण्याची चटणी न्या, वर तळ्याकाठी बसून खाण्यात जी मजा आहे ती त्यांच्या सँडविचात नाही. फक्त खारी पार बुटापर्यंत येतात त्यांना एक दाणाही द्यायचा नाही, मनाई आहे. मूस (तिथलं भलंमोठं हरीण) दिसला तर 120 फूट लांब राहायचं, फोटोसाठी यजमानांना पुढे ढकलू नका.

आणि त्या दिवशी जिवावर आलं तर स्प्रेग लेक आहेच, सपाट रस्ता, अर्ध्या-पाऊण तासात आरामात फेरी होते, डोंगर तेच दिसतात.

प्रश्न: अमेरिका आपल्याला परवडत नाही भाऊ, धुळ्याहून डोंगरावरचं तळं बघायचं तर कुठे जाऊ?

उत्तर: तोरणमाळ, आणखी कुठे! शहाद्याहून म्हसावदमार्गे वर चढायचं, साधारण पावणेचार हजार फुटांवर यशवंत तलाव आहे आणि जवळच सीताखाईची दरी. पावसाळा संपता संपता जा, तेव्हा सीताखाईला पाणी असतं. घाटात धुकं उतरलं की पुढची गाडी दिसत नाही, म्हणून अंधार पडायच्या आत खाली उतरा किंवा वरच मुक्काम करा, आणि पेट्रोल शहाद्यालाच फुल करून घ्या.