पाणबुडीसाठी नवा टॉर्पेडो बनवण्याऐवजी जुनाच टप्प्याटप्प्याने का सुधारतात?

टॉर्पेडो म्हणजे पाण्याखालून लक्ष्याकडे धावणारे स्फोटक अस्त्र. ते जुनेच सुधारण्याचे पहिले कारण ते ज्या नळीतून सोडतात त्या नळीचे आहे. बहुतेक पाणबुड्यांच्या टॉर्पेडो-नळ्यांचा व्यास 533 मिलिमीटर असतो आणि तो बदलायचा तर पाणबुडीचीच रचना बदलावी लागते, म्हणून बाहेरचे माप कायम ठेवून आतले भाग बदलणे नौदलांना परवडते. सोलापुरात जुन्या मागाचा सांगाडा तसाच ठेवून वर इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड (नक्षी विणणारी यंत्रणा) बसवतात, तसाच हा व्यवहार.

अमेरिकेचा मार्क 48 हा टॉर्पेडो 1972 मध्ये सेवेत आला आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या आजही वापरात आहेत. ऑस्ट्रेलियाच्या नौदलासोबत विकसित केलेल्या मॉड 7 आवृत्तीत नाकातला सोनार, म्हणजे आवाजावरून लक्ष्य शोधणारी यंत्रणा, ब्रॉडबँड (विस्तृत पट्ट्याचा) झाला. उथळ समुद्रात तळावरून आणि पृष्ठभागावरून प्रतिध्वनींचा गोंधळ परत येतो, त्यातच शत्रू फसवे आवाज सोडतो. अशा वेळी विस्तृत पट्ट्यातल्या फ्रिक्वेन्सी ऐकणाऱ्या सोनारला खरे लक्ष्य वेगळे काढणे सोपे जाते. ब्रिटनने आपल्या स्पिअरफिश टॉर्पेडोमध्ये मात्र स्फोटक, इंधनव्यवस्था आणि पाणबुडीतून टॉर्पेडोला मार्गदर्शन करणारी तार असे बरेच काही बदलले. तारेच्या जागी ऑप्टिकल फायबर आली.

माझ्या मते खरा फायदा सॉफ्टवेअरचा आहे. सरावात स्फोटकाविना सोडलेला टॉर्पेडो पाण्यातून परत काढतात, त्याने नोंदवलेली माहिती तपासतात आणि त्यावरून शोधाचे व पाठलागाचे नियम सुधारतात. अर्थात, प्रोसेसरची क्षमता संपली की हार्डवेअर पुन्हा बदलावेच लागते.