टर्नटेबल परवडेल, मामांची पॉलिसी परवडत नाही

प्रश्न: मी ३८ वर्षांचा, चिंचवडला राहतो. वर्षाचा पगार १३ लाख. पत्नी घरी शिकवण्या घेते, मुलगी ७ वर्षांची. बाबा गेल्या वर्षी वारले. सांगलीच्या घराच्या माळ्यावर त्यांच्या साठेक रेकॉर्ड सापडल्या, त्यातल्या काही खूप जाड आणि जड आहेत. त्या ऐकाव्यात आणि हळूहळू स्वतःचाही संग्रह करावा असं मनात आहे. दुकानदाराने ९० हजारांचा टर्नटेबलचा (रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राचा) सेट सुचवलाय, ९ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर. दिवाळीचा बोनस १ लाख ६० हजार आला, पण त्यातले १ लाख २० हजार जानेवारीत मुलीच्या शिक्षणाच्या पॉलिसीला जातात (पत्नीच्या मामांकडून घेतली, १० वर्षं भरायचे, पॉलिसीच्या विसाव्या वर्षी २४ लाख, म्हणजे १० टक्के परतावा, ३ हप्ते झाले). घराचं कर्ज ३८ लाख बाकी. दरमहा ५ हजारांची म्युच्युअल फंडातली एसआयपी आहे, पण वर्षभरात ती हललेली नाही. ती थांबवून तेवढ्याच्या रेकॉर्ड घेतल्या तर? व्हायनल रेकॉर्डच्या किमती चढताहेत असं ऐकतो, म्हणजे गुंतवणूकही होईल. सेट रोखीने घेऊ की ईएमआयवर?

उत्तर: रोखीने घ्या, पण हा सेट नको. एसआयपी चालू ठेवा. इथपर्यंत तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं. तुमच्या पत्रातला सगळ्यात महागडा मजकूर मात्र कंसात आहे. त्याकडे येतोच, आधी यंत्राचं बघू. मलाही रेकॉर्डची आवड आहे आणि दुकानदाराने तुम्हाला काय विकायला काढलंय ते पाहून थोडा चिडलोय.

त्या जाड, जड रेकॉर्ड बहुधा ७८च्या आहेत, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. त्या व्हायनल नावाच्या प्लास्टिकच्या नसतात, लाखेच्या मिश्रणाच्या असतात आणि हातातून पडल्या तर काचेच्या बशीसारख्या फुटतात. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं एक गाणं. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची बारीक खाचांची एलपी १९४८ साली आली, त्याआधीचं सगळं राज्य ७८चंच, आणि आपल्याकडे त्या पुढेही बरीच वर्षं निघत राहिल्या. तुमच्या बाबांकडची जुनी नाट्यगीतं, भावगीतं असतील तर ती याच तबकड्यांवर असण्याची शक्यता जास्त.

आता गंमत बघा. चाळीस-पन्नास हजारांची बरीच चांगली टर्नटेबलं फक्त ३३ आणि ४५ या दोनच वेगांवर फिरतात. शिवाय ७८च्या खाचा रुंद असल्याने त्यांना जाड टोकाची वेगळी सुई लागते. एलपीची बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी खरडत जाते, आवाज नुसता खरखरतो आणि सुईचंही आयुष्य जातं. दुकानदाराने तुम्हाला ‘घरी ७८ आहेत का?’ एवढं विचारलं होतं? पत्रावरून तरी तसं वाटत नाही. नव्वद हजार मोजून तुम्ही सेट घरी आणला असता आणि ज्यांच्यासाठी आणला त्या बाबांच्या रेकॉर्ड मुक्याच राहिल्या असत्या.

म्हणून आधी सांगलीला जा आणि मोजा. साठात ७८च्या चार-पाचच असतील तर ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी६० जातीचं स्वयंचलित यंत्र पंधरा-वीस हजारांत येतं. त्यात फोनो प्रीअँप आतच असतो. सुईकडून येणारा विजेचा संकेत काही मिलिव्होल्टचाच असतो आणि रेकॉर्ड कापतानाच खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो. तो खर्ज परत भरून संकेत मोठा करणं हे या प्रीअँपचं काम. जोडीला स्वतःचा अँप असलेले दहा-बारा हजारांचे स्पीकर घेतले की तीसेक हजारांत काम भागतं. ७८ निम्म्या निघाल्या तर तीन वेगांचं एलपी१२० जातीचं घ्या, चाळीस हजारांच्या आसपास. स्पीकर आणि ७८ची जादा सुई धरून पंचावन्न. यापुढे आत्ता जाऊ नका. सुटकेसच्या आकाराचे गोंडस प्लेअर तर नकोच. चांगल्या यंत्रात सुईचा भार दोन-अडीच ग्रॅम असतो, त्यांच्यात तो पाच-सहा ग्रॅमपर्यंत जातो.

‘नो-कॉस्ट’ ईएमआयबद्दल फार बोलत नाही. ९० हजारांवर ९ महिन्यांचं व्याज साधारण साडेपाच हजार. ते दुकानदार ‘सूट’ म्हणून सोडतो, म्हणजेच रोखीने घेणाऱ्याने मागितली असती ती सूट तुम्ही सोडता. वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि बँकेचं प्रक्रिया शुल्क, म्हणजे बाराशे-तेराशे खिशातून. ज्याला रोख देणं शक्य आहे त्याने हे कशाला करायचं?

आता गुंतवणुकीचं. रेकॉर्ड विकत घ्या, ऐका, मुलीला ऐकवा. फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नका. तुम्ही ऐकता त्या चढत्या किमती विकणाऱ्याने मागितलेल्या असतात. तीच रेकॉर्ड उद्या तुम्ही विकायला नेलीत तर व्यापारी त्या भावाच्या निम्मेही देणार नाही, कारण त्याला ती धुवायची, ठेवायची आणि गिऱ्हाईकाची वाट बघायची असते. गाजलेल्या सिनेमांच्या एलपी हजारोंनी निघाल्या, त्या दुर्मीळ नाहीत. दुर्मीळ असतं ते सहसा कुणी फारसं विकत न घेतलेलं संगीत, आणि ते ओळखायला वीस वर्षांचा कान लागतो. त्यात आपला पावसाळा. पुठ्ठ्याच्या कव्हरला बुरशी लागली की किंमत तिथेच अर्धी.

आकडाच हवा असेल तर घ्या. नवी परदेशी एलपी अडीच-तीन हजारांची. महिना ५ हजारांत दोनसुद्धा जेमतेम. पंधरा वर्षांत ९ लाख घालून तुमच्याकडे सव्वातीनशे-साडेतीनशे रेकॉर्ड आणि त्यांच्या वजनाने वाकलेलं कपाट असेल. मुलीच्या लग्नाला वा शिक्षणाला त्यातली एकही तुम्ही विकणार नाही, हे मी आत्ताच लिहून देतो. छंदाला महिना दीड हजार ठेवा आणि ते पगारातूनच येऊ द्या. बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईला गेलात तर चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर, जुने गठ्ठे चाळण्यात जी मजा आहे ती नव्या पॅकबंद रेकॉर्डमध्ये नाही. (काळा घोड्याचं रिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ साली बंद झालं तेव्हा मी मुंबईत होतो. आत जाऊन रिकामी कपाटं बघवली नाहीत.) आणि एसआयपी वर्षभर हलली नाही ही तक्रार मी दर आठवड्याला वाचतो. बाजार थंड असताना तेवढ्याच पैशात जास्त युनिट मिळतात. थांबवायची वेळ ही नव्हे.

आता तो कंस.

मामांचा हिशेब असा असावा: १२ लाख भरले, २४ मिळाले, म्हणजे १०० टक्के, भागिले १० वर्षं, म्हणजे १० टक्के. हा हिशेब सातवीतला मुलगाही चूक ठरवेल. तुमचे पैसे १० वर्षं नाही, २० वर्षं अडकतात. पहिला हप्ता पूर्ण वीस वर्षं, दहावा अकरा वर्षं, सरासरी साडेपंधरा वर्षं. पैसे जितक्या वर्षांत दुप्पट होतात त्या वर्षांनी ७२ला भागलं की वर्षाचा दर अंदाजे निघतो. साडेपंधरा वर्षांत दुप्पट, तर ७२ भागिले १५.५. उत्तर ४.६ टक्के. बँकेची साधी मुदत ठेवही त्याहून जास्त देते.

दुसरं, ही पॉलिसी ‘शिक्षणासाठी’ आहे. घेतली तेव्हा मुलगी ४ वर्षांची होती. विसाव्या वर्षी पैसे येतील तेव्हा ती २४ची असेल. अठराव्या वर्षी कॉलेजची फी कोण भरणार? मामा?

तरीही यातलं काहीच सगळ्यात वाईट नाही. वर्षाला १ लाख २० हजार भरणाऱ्या अशा पॉलिसीत विमा रक्कम सहसा हप्त्याच्या दहापट असते, म्हणजे १२ लाख. तुमच्या पत्रात दुसऱ्या कुठल्याही विम्याचा उल्लेख नाही. म्हणजे उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर तुमच्या पत्नीच्या हातात १२ लाख येतील आणि ते सगळे बँकेला दिले तरी कर्जाचे २६ लाख उरतील. शिकवण्यांच्या पैशात हप्ता भरायचा की मुलीची फी? बाबा गेले तेव्हा तुम्ही कमावते होतात. तुमच्या मुलीला अजून पंधरा वर्षं तरी हे म्हणता येणार नाही. मामांनी तीन वर्षांत तुमच्याकडून ३ लाख ६० हजार घेतले आणि एकदाही ‘कर्ज किती आहे?’ असं विचारलं नाही. दुकानदाराने ७८ विचारल्या नाहीत, तसंच.

करायचं काय, ते क्रमानेच करा, कारण इथे क्रम चुकला तर नुकसान होईल.

सगळ्यात आधी दीड कोटीचा शुद्ध मुदत विमा (टर्म इन्शुरन्स, मृत्यू झाला तरच पैसे देणारा). सिगारेट ओढत नसाल तर साठीपर्यंतचा वर्षाचा हप्ता वीस-पंचवीस हजार. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. दीड कोटीतून ३८ लाखांचं कर्ज फिटलं तरी एक कोटी दहा-बारा लाख उरतात. ते सात टक्क्यांनी ठेवले तर महिना साठ हजारांच्या आसपास. घर चालतं. अर्ज भरताना हा विमा १८७४च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली पत्नी आणि मुलीच्या नावे घ्या, म्हणजे त्या रकमेवर तुमच्या देणेकऱ्यांचा हात पोहोचत नाही. ही सोय पॉलिसी घेतानाच मिळते, नंतर नाही. अर्जात तब्येतीचं सगळं खरं लिहा. बाबांना काय आजार होता तेही.

हा विमा हातात आल्यावरच मामांच्या पॉलिसीला हात लावा. तिचे तीन पर्याय आहेत. मोडली तर तिसऱ्या वर्षापर्यंतच्या हिशेबाने भरलेल्या हप्त्यांच्या किमान ३५ टक्के, म्हणजे सव्वा लाख. विशेष सरेंडर मूल्य (पॉलिसी मोडल्यावर कंपनी आपल्या हिशेबाने देते ती रक्कम) निघालं तर थोडं जास्त. चालू ठेवली तर २४ लाख. आणि तिसरा, ज्याबद्दल एजंट सहसा बोलत नाहीत, तो म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप करणं. दहापैकी तीन हप्ते भरलेत, तेव्हा २४ लाखांचे तीन दशांश, सात लाखांच्या आसपास. त्यात काटछाट होते, म्हणून सहाच धरू. ते विसाव्या वर्षी मिळतील. सव्वा लाख आज घेऊन सात टक्क्यांनी वाढवले तर तेव्हा चार होतात. म्हणजे मोडण्यापेक्षा पेड-अप बरी.

उरलेले सात हप्ते, म्हणजे ८ लाख ४० हजार, कुठे घालायचे? मुलगी सातची आहे. तुमच्यासाठी सुकन्या समृद्धी खातं अजून तीन वर्षं उघडं आहे, दहा वर्षं पूर्ण होईपर्यंत. दर सध्या ८.२ टक्के, सरकार तो दर तिमाहीला ठरवतं. दर असाच राहिला तर तेच सात हप्ते तेवढ्याच काळात २५ लाख होतात. पेड-अपचे सहा मिळवा, ३१. मामांकडे चालू ठेवलं असतं तर २४. वर सुकन्यात अठराव्या वर्षी शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते, जे त्या ‘शिक्षणाच्या’ पॉलिसीत होत नव्हतं. तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर ८०सीची वजावट तुम्हाला मिळतच नाही, त्यामुळे ‘टॅक्स वाचतो’ हे मामांचं वाक्यही बाद.

पेड-अप आणि सरेंडर या दोन्हींचे आकडे कंपनीकडून लेखी मागवा, मामांकडून नको. पेड-अप झाल्यावर त्यातला विमाही तीन दशांशावर येतो. मुदत विमा आधी म्हणतोय तो यासाठीच.

बोनसचे १ लाख ६० हजार असे जातील: मुदत विम्याला २५, सुकन्याला ८०, यंत्र आणि स्पीकरना ५५. ७८ कमी निघाल्या आणि तीस हजारांत भागलं तर उरलेले २५ बचत खात्यात राहू द्या. सुकन्याचे बाकी ४० हजार पुढच्या महिन्यांतल्या पगारातून. टर्नटेबल तुम्हाला कधीच महाग नव्हतं. त्याचे पैसे पॉलिसी खात होती, म्हणून ते ईएमआयवर घ्यावं लागत होतं.

दोन कामं मात्र या महिन्यातच. जानेवारीचा हप्ता बँकेतून आपोआप कापला जात असेल तर त्याची परवानगी बँकेत जाऊन रद्द करा. नुसतं मामांना सांगून ती रद्द होत नाही. आणि सांगलीच्या माळ्यावरच्या रेकॉर्ड खाली काढून उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत नकोत. स्लॅबखालच्या उन्हाळ्यात व्हायनल वाकतं आणि आडव्या थप्पीत खालच्या ७८ला वरच्यांच्या भाराने तडा जातो.

मामा रागावतील. पहिल्या रविवारी त्यांनाच चहाला बोलवा, आणि त्यांच्या वयाच्या माणसाला आवडेल अशी एखादी ७८ लावा.