आधी काम कुठं अडतंय ते बघ, मग पार्ट घे

प्रश्न : दादा, मी अकोल्याचा, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मामेभाऊ लग्नाचं शूटिंग करतो आणि एडिटिंग माझ्याकडे असतं. डाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरतो, थ्रीडीसाठी ब्लेंडर शिकतोय, रात्री मित्रांसोबत व्हॅलोरंट आणि जमलं तर मोठे गेमही खेळायचेत. आत्ता 8 जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे, टाइमलाइन अडकून अडकून चालते. पहिल्यांदाच पीसी स्वतः जोडायचाय. एका दुकानदाराने कोटेशन दिलंय : 14व्या जनरेशनचा आय9, 8 जीबीचं ग्राफिक्स कार्ड, 16 जीबी रॅमची एकच स्टिक, लिक्विड कूलर, सहा आरजीबी (रंगीत लाइटवाले) फॅन, आणि एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) पुढे फक्त "750 वॅट" लिहिलंय, कंपनीचं नाव नाही. भावाचा कॅमेरा 4:2:2 10 बिटमध्ये, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवणाऱ्या फॉरमॅटमध्ये, शूट करतो. घेऊ का हे?

उत्तर : नको घेऊस. निदान असंच्या असं तर नकोच, अॅडव्हान्सही देऊ नकोस अजून. या कोटेशनमध्ये पैसा जिथं दिसतो तिथं लावलाय, तुझं काम जिथं अडतं तिथं नाही.

आधी एक कर. लॅपटॉपवर एखाद्या लग्नाची टाइमलाइन उघड, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर काढ, परफॉर्मन्समध्ये जा आणि जिथं अडकतं तो तुकडा प्ले कर. रॅम पूर्ण भरलीय का, सीपीयू म्हणजे प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकतोय का, आणि जीपीयूवर (ग्राफिक्स चिपवर) क्लिक केलंस की व्हिडिओ डिकोड नावाचा छोटा ग्राफ दिसतो तो हलतोय का, हे तिन्ही बघ. माझा अंदाज, रॅम काठोकाठ भरलेली असेल, सीपीयू शंभरवर असेल आणि डिकोडचा ग्राफ जमिनीला चिकटलेला असेल. म्हणजे काय, तर 4:2:2 10 बिटचं फुटेज उलगडायचं सर्किटच तुझ्या लॅपटॉपच्या जीपीयूमध्ये नाही आणि तो सगळा भार एकट्या सीपीयूवर पडतोय. खूप लोकांना वाटतं की प्रोसेसर मोठा घेतला की टाइमलाइन आपोआप पळेल, तसं नसतं रे, एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये 4:2:2 ची सोय आरटीएक्स 50 सिरीजपासून आली, त्याआधीचं भारीतलं भारी कार्डही या फुटेजला हात लावत नाही. इंटेलच्या प्रोसेसरमधलं इनबिल्ट ग्राफिक्स 11व्या जनरेशनपासून 4:2:2 चं एच.265 (व्हिडिओ दाबून साठवायचा एक प्रकार) उलगडतं, पण त्यासाठी नावाच्या शेवटी एफ नसलेला प्रोसेसर लागतो, कारण एफवाल्यात ग्राफिक्स बंद असतं. रिझॉल्व्हच्या फ्री आणि स्टुडिओ आवृत्तीत कोणते फॉरमॅट चालतात याची यादी ते बनवणाऱ्या ब्लॅकमॅजिक कंपनीच्या साइटवर आहे, पैसे टाकायच्या आधी तुझ्या कॅमेऱ्याचा फॉरमॅट त्यात शोध. आणि काहीच नाही जमलं तर प्रॉक्सी, म्हणजे फुटेजची हलकी कॉपी, आहेच, रात्री झोपताना प्रॉक्सी बनवायला लाव, सकाळी त्यावर एडिट कर, एक्स्पोर्टच्या वेळी रिझॉल्व्ह मूळ फुटेज घेतं. आत्ताच्या लॅपटॉपवरही हे करून बघ, एक रुपया लागत नाही.

आता मी काय घेतलं असतं ते सांगतो. रुपयांचे आकडे मुद्दाम देत नाही, कारण 2025 च्या शेवटी एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव असे भडकले की महिन्यापूर्वीचं कोटेशन आज जुनं होतं. प्रमाण लक्षात ठेव : मॉनिटर सोडून जे बजेट आहे त्याचा तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त ग्राफिक्स कार्डाला.

कार्ड आरटीएक्स 5060 टीआय (50 सिरीजचं, म्हणजे 4:2:2 ची सोय आली), पण 16 जीबीवालं, याच नावाचं 8 जीबीचंही येतं आणि डब्यावर नाव तेच, म्हणून बिलावर 16 जीबी लिहून घे. ब्लेंडरमध्ये सायकल्स या त्याच्या इंजिनने रेंडर करताना, म्हणजे शेवटचं चित्र तयार करताना, सीनची भूमिती, टेक्स्चर, सगळं कार्डाच्या मेमरीत बसावं लागतं, नाही बसलं की रेंडर एकतर रांगतो नाहीतर एरर देऊन थांबतो, आणि लग्नाचा मंडप थ्रीडीत उभारायला लागलास की 8 जीबी कधी संपले कळतही नाही. एएमडीची कार्डं गेमिंगला पैसा वसूल आहेत, फक्त गेमिंग असतं तर मी तेच सुचवलं असतं, पण सायकल्समध्ये एनव्हिडियाचं ऑप्टिक्स हे रेंडर वेगाने करणारं तंत्र अजून पुढे आहे आणि तुझं पोट एडिटिंगवर चालणार आहे.

प्रोसेसर रायझन 7 7700, आठ कोर, 65 वॅट, कूलर डब्यातच मिळतो. कोटेशनमधला तो आय9 नावाच्या शेवटी के असलेला असेल तर जोर लावला की 253 वॅटपर्यंत जातो, आणि अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना ती उष्णता तुझ्याच खोलीत सोडायची आणि वर त्यासाठी लिक्विड कूलरचे पैसे द्यायचे, कशाला? बोर्ड बी650 चा. तो एएम5 सॉकेटचा (प्रोसेसर बसायच्या जागेचा) असतो आणि हे सॉकेट 2027 पर्यंत आणि पुढेही चालवू असं एएमडीने सांगितलंय, म्हणजे पुढे फक्त प्रोसेसर बदलून भागेल. रॅम डीडीआर5 6000, 16 च्या दोन स्टिक. एकच स्टिक लावली की अर्धा रस्ता बंद, ड्युअल चॅनेल मिळत नाही. भाव झेपतच नसेल तर 8-8 घे पण जोडी घे. डिस्क 1 टीबीची जेन4 एनव्हीएमई एसएसडी, आणि संपलेल्या कामांसाठी साधी हार्डडिस्क, लग्नवाले दोन वर्षांनी फोन करून परत मागतात हे तुला माहितीच आहे.

एसएमपीएसवर मात्र मी ऐकून घेणार नाही. बिननावाचा 750 वॅट घेण्यापेक्षा नावाजलेल्या कंपनीचा 650 वॅटचा, 80 प्लस गोल्ड (वीज कमी वाया घालवणाऱ्या) दर्जाचा घे. आपला हिशोब बघ : कार्ड 180 वॅट, प्रोसेसर पूर्ण जोरात 90 च्या आसपास, बाकी बोर्ड, फॅन, डिस्क मिळून पन्नास-साठ, म्हणजे साडेतीनशेच्या आत. 650 पुष्कळ झाला. यूपीएसही याच आकड्यावरून ठरतो. दुकानात सर्रास देतात तो 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅटच झेलतो, मॉनिटर धरला की रेंडर चालू असताना लाइट गेली तर तो पीसी घेऊनच बसेल. 1000 किंवा 1100 व्हीएचा घे. आणि त्याही आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घे, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाहीये असं समज. घरोघरी याकडे दुर्लक्ष होतं आणि महागाचे पार्ट जातात.

कॅबिनेट समोरून जाळीचं, काचेचं नको. पुढून दोन फॅन हवा आत घेणारे, मागून एक बाहेर टाकणारा, पुढच्या जाळीला धुता येणारा फिल्टर, बस. आरजीबीचे पैसे रॅममध्ये टाक. अजून एक विदर्भातली गोष्ट, डेझर्ट कूलरच्या झोतात कॅबिनेट ठेवू नकोस. खोली थंड होते हे खरं, पण ती हवा ओली असते, बारीक थेंबांसोबत पाण्यातला क्षार आत जातो आणि बोर्डावर पांढरा थर धरतो. कॅबिनेट बाजूला, भिंतीपासून हातभर पुढे.

मॉनिटर 27 इंची, 1440पी, आयपीएस, एसआरजीबी (रंगांचा ठरलेला पट्टा) शंभर टक्के दाखवणारा. लग्नातल्या शालूचा रंग फोनवर वेगळा आणि तुझ्या स्क्रीनवर वेगळा दिसला की बोलणी तुलाच बसतात. व्हॅलोरंटसाठी 144 किंवा 165 हर्ट्झचा घेतलास तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा स्वतः निवड, नाहीतर बरेचदा तो 60 वरच चालत राहतो.

खरेदी अकोल्यात कर, नागपुरात कर नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोडवर, पण जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर हवा. बिल नको म्हणालास तर कमी करतो म्हणणाऱ्याकडून उठून ये, वॉरंटीच्या वेळी तोच कागद लागतो.

प्रश्न : माझी मुलगी बारावीला आहे, परीक्षेनंतर तिला स्वतः कॉम्प्युटर जोडायचाय. करंटची भीती वाटते. करू द्यावं का? (एक आई, सातारा)

उत्तर : ताई, जरूर करू द्या. जोडणीच्या वेळी प्लग काढलेला असतो आणि आत बोर्डाला मिळते ती 12 व्होल्ट आणि त्याहून कमी, धोका फक्त एसएमपीएसच्या डब्याच्या आत आहे, कारण प्लग काढल्यावरही तिथले कपॅसिटर भरलेले राहतात. तो डबा स्क्रू काढून उघडायचा नाही, एवढा एकच नियम तिला घालून द्या. गालिच्यावर बसून नको, टेबलावर करू दे, अधूनमधून एखाद्या उघड्या धातूला हात लावावा म्हणजे अंगातली स्टॅटिक निघून जाते. जपायचं ते बोर्डावरच्या सॉकेटला. एएम5 आणि इंटेलच्या हल्लीच्या बोर्डांवर केसासारख्या पिना सॉकेटमध्ये असतात, प्रोसेसर वरून अलगद ठेवायचा, सोन्याचा त्रिकोण त्रिकोणावर, अजिबात दाबायचा नाही. पिन वाकली की वॉरंटी जाते. त्या वेळी शेजारी बसा तुम्ही, बाकीचं ती करेल.

प्रश्न : पीसी जोडला, फॅन फिरतात, लाइट लागतात, स्क्रीन काळी. रायझन 7600, डीडीआर5. काय करू? (पुणे)

उत्तर : आधी हात बाजूला घे आणि पंधरा मिनिटं थांब, खरंच. डीडीआर5 च्या एएम5 बोर्डावर पहिल्यांदा चालू करताना मेमरी ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाचं रॅमशी जुळवून घेणं, चालतं, काही मिनिटं स्क्रीन काळी राहते, आणि लोक घाबरून मधेच बंद करतात म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. तरी नाही आलं तर मॉनिटरची केबल बघ, ती बोर्डाच्या पोर्टमध्ये नाही, खाली ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टमध्ये हवी. मग स्टिक प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत का ते बघ, टक असा आवाज येईपर्यंत दाबल्यात का तेही. प्रोसेसरजवळची 8 पिनची केबल राहिली तरी फॅन फिरतात पण बूट होत नाही. तिथंही सगळं नीट असेल तर कार्ड काढून केबल बोर्डाला लाव, 7600 मध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे, चित्र आलं की भानगड कार्डात किंवा त्याच्या पॉवर केबलमध्ये. चालू झाल्यावर बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅमला पूर्ण वेग देणारी सेटिंग, सुरू करायला विसरू नकोस, नाहीतर 6000 ची रॅम 4800 वरच चालत राहील.