न्योकी, सॉसेज आणि फाटणारं क्रीम : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात एकाच कढईत होणाऱ्या क्रीमवाल्या न्योकी-सॉसेजबद्दल चार ओळी काय लिहिल्या, एवढे मेसेज आले की मीच चकित झाले. न्योकी म्हणजे इटलीकडचे बटाटा आणि मैद्याचे छोटे गोळे, ते सॉसेजच्या (मसालेदार खिमा भरलेल्या नळीच्या) तुकड्यांबरोबर परतायचे आणि वरून क्रीम आणि चीजचा दाटसर रस्सा, एवढाच प्रकार. बरेचसे प्रश्न सारखेच होते म्हणून निवडक घेतलेत, नावं टाकत नाही, गावं टाकते.

प्रश्न (लातूर) : लेकरं पुण्याला शिकायला आहेत, तिथं कुठंतरी न्योकी खाल्ली अन् आता सुट्टीत घरी आली की तेच कर म्हणायलेत. ऑनलाइन पाकीट मागवलं. त्यावर उकळत्या पाण्यात टाका म्हणून लिहिलंय तसं केलं तर सगळा चिकट गोळा झाला. मी शाळेत शिकवते, संध्याकाळी घरी आल्यावर माझ्याकडं कसाबसा अर्धा तास असतो.

ताई, पाकिटातली न्योकी या पदार्थासाठी उकडूच नका. तिच्यातला बटाटा आधीच शिजलेला असतो, उकळत्या पाण्यात ती दोन-तीन मिनिटांत वर तरंगते आणि तेव्हाच काढावी लागते, तुम्ही तेवढ्यात कुकर बघायला गेलात की बाहेरचा स्टार्च फुगून एकमेकींना चिकटलाच म्हणून समजा. त्यापेक्षा पाकीट फोडा, चिकटलेल्या हातानं सुट्या करा आणि सरळ तेलात टाका.

चार जणांना ५०० ग्रामचं पाकीट पुरतं. पसरट कढई किंवा बिडाचा खोलगट तवा घ्या, दोन मोठे चमचे तेल, मध्यम आच, न्योकी एका थरात पसरा आणि दोन-तीन मिनिटं झाकण ठेवा, मग झाकण काढून परतत राहा. सात-आठ मिनिटांत दोन्हीकडून सोनेरी होतात, वरून कुरकुरीत आणि आत मऊ. ताटात काढून ठेवा. त्याच कढईत २५० ग्राम सॉसेजच्या चकत्या लाल होईपर्यंत परता, मग एक बारीक कांदा, चार-पाच लसूण पाकळ्या ठेचून, कांदा मऊ झाला की वरून एक छोटा चमचा मैदा भुरभुरवा आणि अर्धा मिनिट हलवा. आता एक कप पाणी घाला, चिकनचं सूप उरलेलं असेल तर तेच घाला, आणि तळाला जे चिकटलंय ते उलथन्यानं खरवडून त्यात मिसळा, सगळी चव तिथंच असते, ते धुऊन टाकणाऱ्यांचा मला राग येतो. एक उकळी आली की आच एकदम बारीक, मग दीडशे मिली क्रीम, दोन मुठी चिरलेला पालक, किसलेलं चीज, मिरपूड. न्योकी परत आत, दोन मिनिटं, झालं. मीठ अगदी शेवटी चाखून, कारण सॉसेज आणि चीज दोन्ही आधीच खारट असतात. पालक नसला तर मेथीची कोवळी पानं चालतील पण शेपू नको, त्याचा वास सगळ्यावर बसतो.

सगळं मिळून पंचवीस मिनिटं. कांदा-लसूण सकाळी डबे भरताना चिरून ठेवलं तर त्याहून कमी.

प्रश्न (परभणी) : क्रीम टाकल्याबरोबर सगळं दाणे दाणे झालं, पाणी सुटलं अन् वर तूप तरंगायलं. मालक म्हणले पनीर केलं का काय. दोन टमाटे टाकले होते बरंका, थोडं आंबट असावं म्हणून. कामून झालं असं? माप तर बरोब्बर घेतलं होतं.

माप बरोबर असेल पण क्रीम वेगळं आहे. तिकडच्या रेसिपीत जे हेवी क्रीम म्हणतात त्यात अमेरिकेच्या नियमाप्रमाणं कमीत कमी ३६ टक्के फॅट लागतं. आपल्याकडं किराणा दुकानात फ्रेश क्रीमचा जो डबा मिळतो त्याच्यावर बघा, बहुतेक वेळा २५ टक्के लिहिलेलं असतं. फॅट कमी म्हणजे त्यामानानं दुधातलं प्रोटीन जास्त, आणि आंबट लागलं आणि वरून खळखळ उकळी मिळाली की प्रोटीनच आकसून गुठळ्या होतात. तुमच्याकडं दोन्ही एकाच वेळी झालं, टमाट्याचा आंबटपणा पण आणि मोठी आच पण.

टमाटे टाकायचेच असतील तर ते आधी पूर्ण आटू द्या, तेल सुटेपर्यंत, मग वर सांगितलं तसं मैदा आणि पाणी घालून उकळी काढा. मैद्याचा स्टार्च प्रोटीनच्या गुठळ्या होऊ देत नाही, म्हणून तो चमचाभर मैदा सोडून द्यायचा नाही, दिसायला क्षुल्लक आहे पण सगळं त्याच्यावर उभं आहे. क्रीम फ्रीजमधनं काढून लगेच ओतू नका, अर्धा तास आधी ओट्यावर ठेवा, आणि ओतल्यावर रश्शाला बारीक बुडबुडे येतील एवढीच आच. उकळी येऊ द्यायची नाही.

आणि खरं सांगू का, रस्सा दाट होतो तो निम्मा तर न्योकीतून सुटलेल्या स्टार्चमुळं, क्रीम नुसतं वर चव द्यायला. त्यामुळं घरात क्रीम नसेल तर अडून बसू नका. एक मोठा चमचा लोणी, एक मोठा चमचा मैदा, दोन मिनिटं परता, रंग बदलू द्यायचा नाही, मग दीड कप दूध थोडं थोडं घालत हलवत राहा, दाट झालं की चीज. म्हशीचं दूध असलं तर उत्तमच. घरची साय वापरणाऱ्यांनी ती थोड्या दुधात घोटून गाळून घ्यावी, नाहीतर तुकडे दातात येतात, मिक्सरला लावाल तर एक-दोन सेकंदच, जास्त फिरवली की लोणी यायला लागतं.

चीजचं म्हणाल तर इटलीतलं पार्मेझान भारी असतंच, पण आपलं चौकोनी वड्यांत मिळणारं प्रोसेस्ड चीज इथं कामाला येतं, त्यात फॅट आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे क्षार घातलेले असतात म्हणून ते गुळगुळीत वितळतं. चव थोडी साधी लागते, काळी मिरी सढळ घाला.

फाटलेलंच असेल तर कढई खाली उतरवा, पाव कप थंड दुधात एक छोटा चमचा कॉर्नफ्लॉवर कालवून ओता, जोरात घोटा आणि मग अगदी मंद आचेवर थोडं शिजू द्या. बऱ्यापैकी सावरतं. नाही सावरलं तरी खायला काही वाईट नाही, फक्त फोटो काढू नका.

प्रश्न (नांदेड जिल्हा) : आमच्या तालुक्याला सॉसेज मिळत नाही. नांदेडहून आणलं तर एसटीत दोन तास जातात, उन्हाळ्यात घरी येईपर्यंत मऊ पडतं, त्यात लाईटचा भरोसा नाही. शिवाय घरी डुकराचं चालत नाही. दुसरं काही?

मऊ पडलेलं सॉसेज परत फ्रीजरमध्ये टाकू नका दादा, ते त्याच रात्री शिजवून संपवा. वितळून गरम झालं की त्यात जंतू वाढतात आणि परत गोठवल्यानं ते मरत नाहीत, नुसते थांबतात. मे महिन्यात मी तर म्हणेन आणूच नका.

त्यापेक्षा खिमा. इटालियन सॉसेजची जी ओळखीची चव आहे ती बडीशेपेची आहे, आणि ती तर आपल्या घरात जेवण झाल्यावर खायला ठेवलेलीच असते. २५० ग्राम चिकनचा खिमा घ्या, गावातला चिकनवाला देतो करून, त्यात एक चमचा बडीशेप जाडसर कुटून, चार पाकळ्या लसूण, अर्धा चमचा मिरपूड, जाडसर लाल तिखट चवीप्रमाणं आणि पाऊण छोटा चमचा मीठ. मीठ घालून दोन-तीन मिनिटं हातानं चांगलं कालवा, खिमा चिकट व्हायला पाहिजे, तो चिकट झाला तरच पुढं तुटत नाही. मग सुपारीएवढे तुकडे तोडून सरळ गरम तेलात टाका, गोल करत बसायची गरज नाही, वेडेवाकडेच चांगले लागतात. आत गुलाबी राहू द्यायचं नाही एवढं बघा. आलं किंवा गरम मसाला घालायचा मोह होईल, तो आवरा. येसर (कालवणात घालायचं भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ) तर अजिबातच नको, त्याचा झणका क्रीमच्या पलीकडं जातो आणि मग ना धड कालवण ना धड हे.

मटणाचा खिमा घेतला तर तो थोडा आधी शिजवून घ्यावा लागतो, मग झटपट कसलं.

ज्यांच्या घरी मांसाहारच नाही अशा तीन-चार बायकांनी पण विचारलंय, त्यांच्यासाठी : मशरूम मिळाले तर मोठ्या आचेवर पाणी आटेपर्यंत परतून त्यावर तीच बडीशेप आणि लसूण. नाहीतर सोयाबीनचा चुरा, गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळून. पनीर नको, क्रीममध्ये पनीर म्हणजे मऊमध्ये मऊ, दाताला काही लागतच नाही.

प्रश्न (जालना) : न्योकी घरी करून पाहिली, पाण्यात टाकली की विरघळूनच गेली. मग मैदा वाढवला तर रबर झालं.

दोन्हीच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, बटाट्यात पाणी राहिलं. पाणी जास्त म्हणून पीठ जास्त लागतं, पीठ जास्त म्हणून रबर.

बटाटा जुना घ्या, साल जाड आणि कोरडी असलेला. नुकताच काढलेला नवा बटाटा भाजीला छान पण त्यात पाणी जास्त आणि स्टार्च कमी. फ्रीजमध्ये ठेवलेला पण नको, थंडीत स्टार्चची साखर होते, मग न्योकी गोड लागते आणि तव्यावर पटकन काळी पडते. सालासकट उकडा, चिरून उकडायचं नाही. कुकरमध्ये लावाल तर पाण्यात न बुडवता वरच्या भांड्यात ठेवा, सालं फुटली की आत पाणी शिरलंच. गरम असतानाच सोला आणि पुरणयंत्रातून काढा. हो, पुरणयंत्र, होळी झाली की माळ्यावर टाकता ना तेच, परदेशात यासाठी वेगळं यंत्र विकतात आणि ते दिसायला जवळजवळ तसंच असतं. मिक्सरला बिलकुल लावू नका, बटाट्याची खळ होते.

काढलेला बटाटा परातीत पसरा आणि वाफ जाऊ द्या, पाच-दहा मिनिटं, इथंच सगळ्यांना घाई होते. मग ५०० ग्राम बटाट्याला साधारण १२५ ते १५० ग्राम मैदा, मीठ, वाटलं तर एका अंड्याचा पिवळा बलक. हलक्या हातानं गोळा करा, मळायचं नाही, मळलं की मैद्याला चिवटपणा येतो. बोटाएवढ्या जाड वळ्या, त्याचे तुकडे, काट्याच्या पाठीवर हलकं दाबून रेघा पाडा, रेघांत रस्सा धरून राहतो. पहिली एकच न्योकी पाण्यात टाकून बघा, विरघळायला लागली तर बाकीच्यात दोन चमचे मैदा वाढवा. घरची न्योकी मात्र आधी उकळायची, तरंगली की झाऱ्यानं काढायची आणि मग तेलात परतायची. ताटात सुटी सुटी ठेवून गोठवली तर नंतर डब्यात भरता येते आणि गोठलेलीच पाण्यात टाकता येते.

प्रश्न (धाराशिव) : ही थेरं कशाला? आपले शेंगोळे काय वाईट आहेत?

काहीच वाईट नाहीत काका, आणि इटलीतल्या माणसाला शेंगोळे दिले तर तो ही आपल्याच घरातली न्योकी म्हणून खाईल. पिठाचे गोळे आणि लसणाचा रस्सा. रोममध्ये गुरुवारी न्योकी करायची जुनी पद्धत आहे, आणि बटाटा तर तिकडं सोळाव्या शतकात दक्षिण अमेरिकेतून गेला, त्याआधी ते पण पिठाचे, रव्याचे, शिळ्या पावाचेच गोळे करत होते. रोमची रव्याची न्योकी आजही असते, दुधात रवा शिजवून, थापून, गोल कापून भाजलेली. तुमच्या सूनबाईंना दाखवा हे, त्या करतील.

ज्वारीचं पीठ चालेल का असं तुम्ही खाली बारीक अक्षरात विचारलंय (म्हणजे इच्छा आहे!). निम्मं ज्वारी निम्मा मैदा घ्या, नुसती ज्वारी पाण्यात फुटते कारण तिला चिकटपणा नाही. पाण्यात टाकण्यापेक्षा चाळणीवर वाफवा आणि मग परता.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : रूमवर एकच इंडक्शन आणि एक नॉनस्टिक पॅन आहे. जमेल का?

जमेल, तुझ्यासाठीच आहे हे. फक्त पॅन लहान असेल तर न्योकी दोन वेळा करून परत, एकदम कोंबली तर वाफेनं ओली होते आणि लाल होत नाही. क्रीम टाकायच्या आधी इंडक्शन बंदच कर, पॅनच्या उष्णतेवर मिसळ आणि मग सगळ्यात कमी सेटिंगला एक मिनिट.

प्रश्न (हिंगोली) : उरलं तर दुसऱ्या दिवशी दगड होतं.

रात्रभरात न्योकी रस्सा पिऊन घेते आणि थंड झालेला स्टार्च आवळतो. पाव कप दूध घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर गरम करा. रात्री मात्र तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, क्रीम आणि चिकन आहे, आणि दुसऱ्या दिवशीच संपवा. मी तर तव्यावर थोडं तेल टाकून तसंच कोरडं होईपर्यंत परतते आणि वर एक अंडं फोडते, सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा. तो इटलीवाल्यांना चालणार नाही पण आपल्या घरी कोण विचारायला येतंय.